कार्डावरील हुंडणावळ

गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे गाव पूर्वी जमीनदारीचे ठिकाण म्हणून ओळखले जाई. भाताची शेती, तांदळाच्या गिरण्या आणि लहरी आश्रम ही या परिसराची आजची ओळख. परंतु याच गावाला लागून बिरसीचा विमानतळ आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवरून २०२२ साली प्रवासी विमाने उडू लागली. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू झाली. हैदराबादला पोचलेल्या माणसाला दुबई, सिंगापूर वा बँकॉक दूर राहत नाही. ज्या मुलखातून एके काळी नागपूरला जाणे हाच मोठा प्रवास समजला जाई, तेथून आज परदेशप्रवास शक्य झाला आहे, ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. पण रस्ता खुला झाला म्हणजे वाटेवरचे जकातनाके उठले, असे मात्र होत नाही. काही नाके तर असे असतात की, जकात देऊन पुढे गेल्यावरही ती दिल्याचे प्रवाशास कळत नाही. परदेशात बँकेचे कार्ड वापरताना द्यावी लागणारी किंमत ही या जातीची जकात आहे.

परदेशी जाणारा माणूस म्हणजे उद्योगपती किंवा मंत्री, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. निवृत्तिवेतनाची रक्कम हाती आल्यावर एकदा जग पाहून यावे, असे म्हणणारे शिक्षक-दांपत्य. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली आई. शिक्षणासाठी जर्मनीस अथवा इंग्लंडला गेलेला कारकुनाचा मुलगा. लुंबिनी, श्रीलंका वा थायलंड येथील बौद्ध स्थळांच्या दर्शनास जाणारे विदर्भातील उपासक. हजला जाणारे यात्रेकरू - हा आजचा परदेशगामी वर्ग आहे. त्याच्या गाठीशी असलेला पैसा मोजका असतो आणि तो बहुधा कित्येक वर्षांच्या काटकसरीतून जमलेला असतो. अशा माणसाच्या शंभर रुपयांतले चार-पाच रुपये नकळत गळून जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

बट्ट्याची जुनी रीत

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. इंग्रजी अंमल पक्का होण्यापूर्वी या देशात नाना टांकसाळींची नाणी चालत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात नागपुरी रुपया चाले, तर सीमा ओलांडताच दुसरा रुपया पुढे येई. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवावयाचे, तर सराफ त्यावर बट्टा कापून घेत असे. रोकड अंगावर बाळगण्याचा धोका टाळण्यासाठी हुंडी होती आणि तिच्यासाठी हुंडणावळ द्यावी लागे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया सुरू केला, तेव्हापासून ही नाण्यांची बजबजपुरी हळूहळू संपली. आजचे कार्ड ही वस्तुतः नव्या काळाची हुंडीच होय. फरक इतकाच की, जुना सराफ बट्टा तोंडावर सांगे आणि गिऱ्हाईक त्याच्याशी घासाघीस करी. नव्या सराफाचा बट्टा महिनाअखेरीच्या हिशेबपत्रात बारीक अक्षरांत अवतरतो, आणि तेव्हा घासाघीस करण्याची वेळ टळून गेलेली असते.

स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके सामान्य माणसाला या हुंडीचा प्रश्न पडलाच नाही, कारण परकीय चलन मिळणेच दुरापास्त होते. साठ-सत्तरच्या दशकांत शिक्षणासाठी निघालेल्या कित्येक तरुणांच्या खिशात अवघे आठ डॉलर असत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने तर डॉलर बाळगणे हा जवळजवळ फौजदारी मामला करून टाकला. १९९१ साली देशावर सोने गहाण टाकण्याची पाळी आली. त्यानंतर धोरणाची दिशा पालटली. जुना कायदा जाऊन परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाकाठी २५ हजार डॉलर परदेशी पाठविण्याची मोकळीक दिली. ही मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे ज्या देशात आठ डॉलरांसाठी अर्ज करावे लागत, तेथे आता सामान्य कुटुंबाला मर्यादेची चिंता करण्याचे कारण उरलेले नाही. चिंता करावयाची ती किमतीची.

कार्डांचा इतिहासही याच क्रमाने घडला. डायनर्स क्लबचे कार्ड आपल्याकडे १९६१ साली आले, पण ते बड्या लोकांपुरते. सेंट्रल बँकेने १९८० साली आपले क्रेडिट कार्ड काढले. पैसे देणारे यंत्र, म्हणजे एटीएम, लंडनमध्ये १९६७ साली प्रथम बसले. त्याचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो शेपर्ड-बॅरन आपल्या शिलाँगमध्ये जन्मला होता. भारतात असे यंत्र मुंबईस १९८७ साली आले. आज खेड्यातील जनधन खातेदाराच्याही हाती रुपे कार्ड आहे. साधन सर्वांपर्यंत पोचले. साधनाची किंमत समजून घेण्याची सोय मात्र पोचली नाही.

पैसा कोठे गळतो?

परदेशात कार्ड वापरले की पैसा प्रामुख्याने चार ठिकाणी गळतो. ही ठिकाणे एकदा नीट ओळखली, तर निम्म्याहून अधिक गळती थांबविता येते.

पहिले ठिकाण चलन-बदलाच्या अधिभाराचे. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या संस्था ज्या दराने रुपये बदलतात, तो दर घाऊक बाजारातील दराच्या बराच जवळ असतो. परंतु आपली बँक त्यावर आपला अधिभार चढविते. पुष्कळशा कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे एक लाख रुपयांच्या खर्चावर ३,५०० रुपये अधिभार आणि ६३० रुपये कर, असे एकूण ४,१३० रुपये जातात. याउलट काही बँकांची काही कार्डे अशीही आहेत की, ज्यांवर हा अधिभार शून्य वा दोन टक्क्यांच्या घरात असतो. एकच वस्तू, एकच दुकान, एकच दिवस. आणि तरीही दोन शेजाऱ्यांना पडलेल्या किमतीत चार हजारांचा फरक!

दुसरे ठिकाण रोकड काढण्याचे. डेबिट कार्डाने परदेशी यंत्रातून पैसे काढले की, वरील अधिभाराखेरीज आपली बँक दर खेपेस ठरावीक शुल्क घेते. ते बहुधा शंभर ते दीडशे रुपये असते. शिवाय ज्याचे यंत्र, तो आपली वेगळी आकारणी करतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाटांहून अधिक रक्कम कापली जाते. आपल्या हिशेबाने ती पाचशे रुपयांच्या वर जाते. आता आपला प्रवासी स्वभावतः सावध. एकदम मोठी रक्कम अंगावर नको म्हणून तो पाच-पाच हजार रुपये दहा वेळा काढतो. बँकेचे ठरावीक शुल्क सव्वाशे रुपये धरले, तर करासह तेच १,४७५ रुपये होते, अधिभार करासह २,०६५ रुपये, आणि यंत्रवाल्याचे पाच हजारांहून अधिक. पन्नास हजार रुपये हाती येण्यासाठी साडेआठ हजारांहून अधिक रुपये गेले! हीच रक्कम त्याने दोनदा काढली असती, तर खर्च साडेतीन हजारांच्या आसपास आटोपला असता. सावधपणाची एवढी मोठी किंमत कोणीही देऊ नये.

क्रेडिट कार्डाने रोकड काढणे हा तर याहून वाईट व्यवहार. दुकानात केलेल्या खरेदीवर बिल भरेपर्यंत व्याज नसते. रोकडीवर मात्र काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते, आणि त्याचा दर सावकारालाही लाजवील असा, महिन्याला तीन टक्के वा त्याहून अधिक, असू शकतो. शिवाय रोकड काढण्याचे शुल्क निराळे. अगदी नाइलाजाखेरीज हा मार्ग वर्ज्य समजावा.

तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे. परदेशातील दुकानदार वा यंत्र अदबीने विचारते, 'पैसे तुमच्या रुपयांत घेऊ की येथल्या चलनात?' परमुलखात आपला रुपया दिसला की माणसाला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते आणि तो रुपयांवर बोट ठेवतो. येथेच तो फसतो. रुपयांत व्यवहार करणे म्हणजे दर ठरविण्याचा अधिकार त्या दुकानदाराच्या सराफाला बहाल करणे. तो दर बहुधा बाजारभावापेक्षा बराच चढा असतो, आणि काही भारतीय बँका रुपयांतल्या अशा व्यवहारावरही आपले शुल्क लावतातच. म्हणजे एकाच नाण्यावर दोनदा बट्टा! तेव्हा नियम साधा आहे: ज्या देशात आहोत, त्या देशाच्या चलनातच पैसे द्यावेत. यंत्राने 'आमचा दर मान्य आहे काय' असे विचारले, तर नकार द्यावा. नकार दिल्याने व्यवहार मोडत नाही. तो केवळ आपल्या बँकेच्या दराने होतो.

चौथे ठिकाण आगाऊ भरलेल्या परकीय चलनाच्या कार्डाचे. त्याचा मोठा गुण असा की, दर निघण्यापूर्वीच पक्का होतो आणि रुपया घसरला तरी झळ लागत नाही. परदेशी शिकणाऱ्या मुलांसाठी ते उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण युरो भरलेले कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकसाठी वापरले, तर पुन्हा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कात्री लागू शकते. शिवाय हे कार्ड विकत घेताना दिला जाणारा दर हाच मुळात बाजारभावाहून चढा असतो. 'अधिभार नाही' अशी जाहिरात करणारा विक्रेता आपला नफा त्या दरातच घालून ठेवतो. म्हणून शुल्क किती हे विचारून थांबू नये. 'माझ्या हाती शंभर डॉलर पडण्यासाठी एकूण किती रुपये द्यावे लागतील?' हा एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारावा. उत्तरे ऐकून पुष्कळांचे डोळे उघडतील.

कराचा गुंता

यात सरकारी कराची भर पडली आहे. परदेशी पाठविलेल्या रकमेवर स्रोतापाशी कर गोळा करण्याची पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून अधिक कडक झाली. शिक्षण व औषधोपचार वगळता इतर कारणांसाठी सात लाखांवरील रकमेला वीस टक्के दर लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख करण्यात आली. डेबिट कार्ड व आगाऊ भरलेले कार्ड यांवरचा खर्च या हिशेबात धरला जातो. परदेशात वापरलेले क्रेडिट कार्डही त्यात आणण्याचे सरकारने मे २०२३ मध्ये ठरविले होते. पण गदारोळ होताच जूनअखेर तो निर्णय लांबणीवर टाकला गेला. मध्यमवर्गीय प्रवाशाचा खर्च दहा लाखांपर्यंत सहसा जात नाही. तथापि, सहल-संचालकाकडून पूर्ण सहल विकत घेतली, तर पहिल्या रुपयापासून हा कर गोळा होतो, हे ध्यानात असू द्यावे. तो अखेरचा कर नव्हे. प्राप्तिकराच्या हिशेबात तो वळता करून घेता येतो. नोकरदाराला ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या कार्यालयास कळवून वेतनातील करकपातीतही तो सामावून घेता येतो. पण ज्या निवृत्त शिक्षकाला कर भरावाच लागत नाही आणि म्हणून जो विवरणपत्रही भरीत नाही, त्याचे पैसे सरकारजमा राहतात. ज्याला नियम ठाऊक नाही, त्याने दंड भरावा, असाच याचा अर्थ होतो.

बँकांची बाजू आणि तिचे मोजमाप

बँकांनाही त्यांची बाजू आहे. परदेशी व्यवहारात दुसऱ्या देशाची बँक असते, मध्यस्थ संस्था असते, फसवणुकीचा धोका अधिक असतो आणि तक्रार उद्भवली तर ती निस्तरण्यास वेळ व पैसा लागतो. हा खर्च ग्राहकाने सोसावा, यात अन्याय नाही. प्रश्न खर्चाचा नसून प्रमाणाचा आणि स्पष्टतेचा आहे. काही बँका अधिभाराशिवाय कार्ड देऊ शकतात, याचा अर्थ साडेतीन टक्के हा आकडा सर्वस्वी प्रत्यक्ष खर्चातून आलेला नाही. त्यात ग्राहकाच्या अज्ञानावरचा नफा मिसळलेला आहे. आणि स्वस्त कार्डे बहुधा ज्यांना मिळतात, ते ग्राहक शहरी, भरपूर पगाराचे आणि चार बँकांच्या योजना तुलनून पाहणारे असतात. कामठ्यासारख्या गावातील खातेदाराच्या हाती असते ते देशांतर्गत वापराचे साधे कार्ड. त्याला परकीय चलनाची चौकशी करावयाची, तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते. परिणामी जो सर्वांत कमी सोसू शकतो, तोच सर्वांत महाग हुंडी विकत घेतो. १९ जुलै १९६९ रोजी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते बँकेची सेवा खेड्यातल्या माणसापर्यंत न्याय्य अटींवर पोचावी म्हणून. ते उद्दिष्ट केवळ कर्जवाटपापुरते मर्यादित का असावे?

युरोपने या बाबतीत घालून दिलेला धडा पाहण्यासारखा आहे. युरोपीय संघाने २००१ सालीच नियम केला की, युरोतील सीमापार व्यवहारास देशांतर्गत व्यवहाराइतकेच शुल्क असावे. पुढे २०१९ च्या नियमाने, चलन बदलून देणाऱ्याने मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के अधिक घेतो, हे ग्राहकास आधी दाखविणे बंधनकारक झाले. कोणाचा नफा कायद्याने बुडविला नाही. फक्त तो उजेडात आणला. उजेड पडला की स्पर्धा आपोआप सुरू होते.

आपल्याकडेही चांगली पावले पडली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असते. परदेशी वापराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करावयाची असते. २०१७ च्या आदेशाने, त्रयस्थाच्या लबाडीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ऑगस्ट २०१९ पासून सामान्य ग्राहकालाही घाऊक दराच्या जवळपास परकीय चलन मिळावे म्हणून एफएक्स-रिटेल ही व्यवस्था सुरू झाली. पण तिचे नाव किती शिक्षकांना वा कारकुनांना ठाऊक असेल? यूपीआयने २०२१ साली भूतानपासून सीमा ओलांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका व मॉरिशस येथे ती सुरू झाली, पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे तिकीटही तिने घेता येऊ लागले. ही वाट आशादायक आहे. परंतु येथेही सोयीला भुलून दर पाहण्याचे सोडू नये. यूपीआय आपली असली, तरी चलन-बदल कोणी फुकट करून देत नाही.

काय करावे?

प्रवाशाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत. निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या बँकेकडून अधिभार आणि रोकडीचे शुल्क लेखी विचारून घ्यावे. अधिभार कमी असलेले एखादे कार्ड मिळत असेल, तर ते घ्यावे, आणि शक्य तर दोन निरनिराळ्या बँकांची कार्डे बरोबर ठेवावीत, म्हणजे एक अडले तर दुसरे चालेल. परदेशी वापराची सोय सुरू करून मर्यादा घालून घ्यावी आणि परतल्यावर ती बंद करावी. दुकानात कार्ड, आणि रोकड थोड्या खेपांत मोठ्या रकमेने, असे धोरण ठेवावे. हॉटेलवाले अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. त्यासाठी बचत खात्याचे डेबिट कार्ड देऊ नये, नाहीतर प्रवासातला पैसाच अडकून पडतो. नोटा अगदी गरजेपुरत्या न्याव्यात. एका प्रवासास तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेण्यास सर्वसाधारणपणे परवानगी आहे, पण परवानगी आहे म्हणून तेवढ्या नेल्याच पाहिजेत असे नाही. आणि प्रत्येक वेळी, न विसरता, स्थानिक चलन निवडावे.

परंतु ग्राहकाच्या चातुर्यावर सर्व सोपवून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने युरोपच्या धर्तीवर नियम करावा की, प्रत्येक परदेशी व्यवहारानंतर येणाऱ्या संदेशात मूळ रक्कम, लावलेला दर, बाजारदराहून घेतलेला जादा आकार आणि कर यांची एकत्रित रुपयांतील बेरीज एका ओळीत सांगितली जावी, आणि ती मराठीसह ग्राहकाच्या भाषेत असावी. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी किमान एक साधे, अल्प अधिभाराचे डेबिट कार्ड उपलब्ध करून द्यावे आणि ते मागण्यासाठी पगाराचा आकडा आड येऊ देऊ नये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या निदान एका शाखेत परकीय चलनाची माहिती देणारा जाणकार माणूस असावा. आणि जे निवृत्त नागरिक विवरणपत्र भरीत नाहीत, त्यांचा गोळा झालेला कर त्यांना सुलभ रीतीने परत मिळेल, अशी सोय सरकारने करावी.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. बट्टा घेऊ नका, असे कोणी म्हणत नाही. तो सांगून घ्या, एवढेच म्हणणे आहे. बिरसीच्या धावपट्टीने कामठ्याच्या माणसाला जगाच्या जवळ आणले आहे. जगात पोचल्यावर त्याच्या कष्टाचा रुपया बारीक अक्षरांच्या आडून कमी केला जाऊ नये, ही अपेक्षा ज्या बँकांत त्याने आपली ठेव विश्वासाने ठेवली आहे, त्यांच्याकडून तो करीत असेल, तर त्यात गैर ते काय?